आतलं समाधान: रोज नेमकं काय करायचं, किती वेळ, आणि घडी मोडते कुठे?

घाटमाथा_खानापूर (धागाकर्ता)

सुख बाहेर शोधू नका, ते आत आहे, हे आपल्या बेळगाव भागात लहानपणापासून कानावर पडतं. बाळेकुंद्रीच्या उत्सवात, अनगोळच्या हरिमंदिरात, किल्ल्यातल्या आश्रमात, गावच्या सप्त्यात. त्याबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आत जायचं म्हणजे सकाळी उठून माणसानं काय करायचं? किती मिनिटं? कशावर बसून? डोळे मिटले की मन आणखीच उधळतं, त्याचं काय? सुरुवात करणारे दहातले आठ जण तीन आठवड्यांत सोडून देतात असं आजूबाजूला दिसतं. ते का सोडतात?

विनंती एवढीच की "नामात रमा", "वर्तमानात जगा" असं मोघम नको. कृती सांगा. सोबत ती कृती कुठे फसते तेही सांगा.

हरिपाठी_येळ्ळूर

माऊली, चांगला विषय. माळेपासून सुरू करतो.

तुळशीची माळ १०८ मण्यांची घ्या. ती उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकायची आणि अंगठ्यानं एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. 'रामकृष्णहरी' सावकाश म्हटलं तर एका मण्याला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे एक माळ साडेपाच मिनिटांत होते. नवख्या माणसानं रोज तीन माळा कराव्यात. पंधरा-सोळा मिनिटं, त्याहून जास्त नको.

आता फसतं कुठे ते. मणी आणि नाम यांची फारकत होते. अंगठा सवयीनं पळत राहतो आणि नाम मागं पडतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. एक माळ चार मिनिटांच्या आत संपली तर समजायचं की अंगठा एकटाच चालला होता. त्यावर उपाय म्हणजे नाम पूर्ण झाल्याशिवाय मणी सोडायचा नाही. ओठ हलले तरी चालतील. पहिले तीन महिने मनातल्या मनात करू नये, कारण मनातलं नाम कधी थांबलं ते कळतच नाही.

संध्याकाळी हरिपाठ. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, टाळावर संथ म्हटले तर अर्धा तास. चौघं मिळून म्हणा, एकट्यानं म्हटलेलं लवकर सुटतं.

मलप्रभाकाठ

चार मिनिटांची खूण फार उपयोगी आहे. लिहून ठेवली.

श्वास_आणि_शरीर

मी शरीराच्या बाजूनं लिहितो. बैठक चुकली तर मन स्थिर होत नाही, आणि बैठकच बहुतेकांची चुकलेली असते.

जमिनीवर मांडी घातली की गुडघे कमरेपेक्षा वर राहतात. मग पाठ मागं ढळते, ती ओढून धरावी लागते आणि दहाव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते. म्हणून बुडाखाली घोंगड्याची तीन-चार इंच जाड घडी घ्या. फक्त बुडाखाली, मांड्यांखाली नाही. कमर वर आली की गुडघे आपोआप खाली टेकतात आणि पाठ न ओढता सरळ राहते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून, पाठ न टेकता. खुर्चीवर बसल्यानं काही कमी होत नाही.

पायाला मुंग्या येतात त्या शिरेवर दाब आल्यानं. पाय मोकळा केला की दोन-तीन मिनिटांत जातात. मात्र लगेच उभं राहू नका. बधिर पायाला जमीन कळत नाही आणि घोटा मुरगळतो.

नामाआधी पाच मिनिटं श्वास. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. रोखून धरायचा नाही. गरोदर बायकांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच रोखू नये. पोट रिकामं किंवा हलकं हवं. जेवणानंतर दोन तास बसू नका, डुलकी लागणार.

नेमवाला_हिंदवाडी

हरिपाठी अण्णांच्या माळेला माझा विरोध नाही, पण मोजणी हा नवख्याचा मोठा खड्डा आहे. माणूस संख्येच्या मागं लागतो. लाख झाले, सव्वा लाख झाले, आणि समाधान होतं तिथंच राहतं.

इंचगेरी-निंबाळच्या परंपरेत रोजच्या ध्यानाला 'नेम' म्हणतात. शब्दातच सगळं आहे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेलं नाम. उमदीचे भाऊसाहेब महाराज आणि त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे (१८८६ ते १९५७) यांचा भर यावरच होता. रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठात शिकवायचे, पण ध्यानाची वेळ ही त्यांच्या दिवसाची चौकट होती. याच परंपरेत पुढे दोन वाटा सांगितल्या गेल्या, मुंगीची पिपीलिका वाट आणि पाखराची विहंगम वाट. एक ध्यानाची, सावकाश. दुसरी विचारानं थेट. संसारी माणसानं मुंगीची धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाखराची वाट ऐकायला गोड वाटते, आणि म्हणूनच तिच्यात नुसतं बोलणारे जास्त सापडतात.

मलप्रभाकाठ

नेमवाले काका, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. काहींच्या स्वभावाला विचारच मानवतो. "दुःख कुणाला झालं?" हा प्रश्न धरून बसणारी माणसं नुसती बोलणारी नसतात. त्यांना जपात गुदमरल्यासारखं होतं.

नेमवाला_हिंदवाडी

मान्य. 'नुसतं बोलणारे' हा शब्द मागं घेतो. पण विचाराच्या वाटेलाही वेळ ठरलेली हवी, एवढा आग्रह राहू दे.

कुंदा_प्रेमी

बाहेरच्या सुखाचं गणित आपल्या कुंद्यावरून, त्या खव्याच्या मिठाईवरून, चटकन समजतं. पहिला चमचा जिभेवर ठेवला की डोळे मिटतात. दुसरा चांगला लागतो. पाचव्याला घास फिरतो. कुंदा तोच, खवा तोच, बदललेली आपली जीभ. पगारवाढ, नवी गाडी, वरचा मजला, सगळ्याचा पाचवा चमचा येतोच. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्यांचा अभ्यास केला होता. ती माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त सुखी निघाली नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली.

म्हणून एक छोटी कृती. रोज एक घास, एकच, पूर्ण लक्ष देऊन खायचा. भाकरीचा चालेल. बत्तीस वेळा चावायचा, गोडवा कुठून सुरू होतो ते बघायचं. लाळ लागली की पिठूळ पदार्थ गोड लागायला लागतात हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते चवीनं कळायला मन जेवणात असावं लागतं.

मलप्रभाकाठ

यालाच जोडून. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. गोड विचारांत भटकलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त सुख मिळालं नव्हतं. त्यामुळे कुंदाप्रेमींच्या एका घासाला मी साधना म्हणेन.

ऊसवाला_रायबाग

काय बोलूलालाय ओ तुम्ही सगळे. उसाचं बिल चार महिने अडकलंय, पोरीची फी भरायची हाय, आणि म्हणे सुख आत बघा. पोट भरलेल्यांच्या गोष्टी ह्या. ज्याला झोप नाही त्याला घोंगड्याची घडी काय करणार?

शहापूरची_काकी

भाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. आतल्या समाधानाचं नाव घेऊन हक्काचं सोडून द्यायला कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते लेखी मागा, पोच घ्या, चार शेतकऱ्यांनी मिळून मागा.

आपले संत कामधंदा करणारेच होते. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार. बाळेकुंद्रीचे पंत महाराज शाळेत शिकवायचे, घरात माणसांचा राबता. १८५५ ते १९०५, पन्नास वर्षांचं आयुष्य, तेही संसारात राहून. बसवण्णांनी तर कायक म्हणजे कष्टाचं काम हीच पूजा मानली.

आता झोपेचं. रात्री बिलाचा हिशेब डोक्यात फिरतो तेव्हा डोळे मिटून ध्यान करू नका. त्या वेळी ध्यान होत नाही, हिशेबच होतो. उठून दिवा लावा, कागदावर तीन रकाने पाडा. देणं किती, येणं किती, उद्या सकाळी करायचं एक काम कोणतं. एकच काम लिहा. कागद घडी करून देवापुढं ठेवा आणि मग आडवे व्हा. कागदावर उतरलेलं डोक्यात धरून ठेवावं लागत नाही.

ऊसवाला_रायबाग

व्याजाचं माहीत नव्हतं, अक्का. रकाने पाडतो आजच.

सामायिक_निपाणी

आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातली जैन पद्धत सांगतो, कारण ती मोजून-मापून आहे. याच भागातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२ ते १९५५). त्यांच्यामुळे दिगंबर मुनिपरंपरेला नवं बळ मिळालं.

सामायिक म्हणजे समभावात राहायची बैठक. पूर्ण सामायिक दोन घटकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. नवख्यानं तिथून सुरू करू नये. एक कायोत्सर्ग करावा. सरळ उभं राहायचं, दोन पावलांत चार बोटं अंतर, हात मोकळे खाली, नजर नाकाच्या शेंड्याकडे झुकलेली. नऊ वेळा णमोकार मंत्र, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. एका णमोकाराला तीन श्वास, ते असे. 'णमो अरिहंताणं' श्वास घेताना, 'णमो सिद्धाणं' सोडताना. 'णमो आयरियाणं' घेताना, 'णमो उवज्झायाणं' सोडताना. 'णमो लोए' घेताना, 'सव्वसाहूणं' सोडताना. संथ केलं तर चार-साडेचार मिनिटं लागतात.

यात माळ नाही, घड्याळ नाही, श्वासच मोजतो. मोजणीचा खड्डा नेमवाले काकांनी सांगितला, तो इथं येत नाही, कारण संख्या नऊवरच थांबते. वाढवायची सोयच नाही.

एक सूचना खास निपाणीसाठी. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर वाकून बसलेल्या असतात. त्यांना परत बसायला लावू नका. उभ्यानं कायोत्सर्ग करावा, नाहीतर अंगणात वीस पावलं जाऊन वीस पावलं यायचं, अगदी सावकाश, टाच टेकली, चवडा टेकला एवढंच लक्षात ठेवत. दहा मिनिटं पुरे.

लिंगपूजा_बैलहोंगल

आम्हा लिंगायतांच्या इष्टलिंग पूजेतही हेच सूत्र. डाव्या तळहातावर लिंग, हात छातीसमोर, नजर न हलवता. डोळ्यांत पाणी आलं की मिटायचे, ताण द्यायचा नाही. नजर एका जागी थांबली की विचारही मंदावतो. ज्यांचं मन डोळे मिटल्यावर जास्त उधळतं त्यांच्यासाठी उघड्या डोळ्यांची वाट सोयीची. साधी समई समोर ठेवली तरी चालते, दोन हात अंतरावर, ज्योत डोळ्यांच्या उंचीला, वारा नको.

घाटमाथा_खानापूर

डोळे मिटल्यावर मन उधळतं, या माझ्या प्रश्नाचं हे पहिलं नेमकं उत्तर. आभार. पण तीन आठवड्यांत का सुटतं, याकडे कुणी आलेलं नाही.

वेदान्त_टिळकवाडी

त्याकडे येतो, जरा सविस्तर.

वेदान्तात ध्यानाची चार विघ्नं सांगतात. लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. लोक पहिल्या दोनांशी झगडतात आणि सोडतात मात्र शेवटच्या दोनांमुळे.

लय म्हणजे पेंग. कारणं साधी असतात, झोप अपुरी किंवा पोट भरलेलं. डोळे उघडा, गार पाण्यानं तोंड धुवा, उभ्यानं करा. रोजच पेंग येत असेल तर ध्यान वाढवू नका, रात्रीची झोप अर्ध्या तासानं वाढवा. विक्षेप म्हणजे मन पळणं. ते पळतं यात चूक काहीच नाही. पळालं हे कळलं आणि परत आणलं, की त्या बैठकीतलं एक काम झालं. वीस मिनिटांत पन्नास वेळा आणलं तर पन्नास वेळा व्यायाम झाला. नवखा माणूस पन्नास वेळा हरलो असं समजतो.

कषाय जास्त अवघड. बसल्यावर दहा-बारा दिवसांनी जुनं काहीतरी वर येतं. भावाशी झालेला वाटणीचा वाद, राहून गेलेली माफी. छातीत घट्ट होतं. माणसाला वाटतं, ध्यानानं शांत व्हायचं तर मी आणखीच चिडचिडा झालो, आणि तिसऱ्या आठवड्यात तो उठतो. खरं तर तळाचा गाळ ढवळला गेलेला असतो. त्याला दाबायचं नाही आणि त्याच्याशी गप्पाही मारायच्या नाहीत. नाव द्यायचं, 'हा राग', 'ही भीती', आणि तो अंगात कुठं जाणवतो ते पाहायचं. जबडा, घसा, पोट. तिथंच सात-आठ श्वास थांबायचं. माफी मागायची राहिली असेल तर ध्यान संपवून खरोखर जाऊन मागायची. ती बैठकीत सुटत नाही.

रसास्वाद सगळ्यांत फसवा. एखाद्या दिवशी बैठक सुंदर लागते. अंग हलकं, आत गोडवा, वेळेचं भान नाही. दुसऱ्या दिवशी माणूस तोच गोडवा मागत बसतो. तो येत नाही. चौथ्या दिवशी निराशा. म्हणजे कुंदाप्रेमींचा पाचवा चमचा इथंही आलाच! बाहेरच्या गोडीची जागा आतल्या गोडीनं घेतली, हाव तीच राहिली. म्हणून जुने लोक सांगतात, तिथलं सुख चाखत बसू नये. गोडवा आला तर येऊ दे, गेला तर जाऊ दे, बैठक ठरल्या वेळी सुरू आणि ठरल्या वेळी बंद. छान लागलं म्हणून दहा मिनिटं वाढवायचीही नाहीत.

पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायच्या तीन अटी घातल्यात. दीर्घ काळ, खंड न पडता, आदरानं. यातली 'खंड न पडता' ही अट तासांपेक्षा मोठी आहे. रोजची दहा मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा बळकट.

नेमवाला_हिंदवाडी

रसास्वादाचं इतकं स्वच्छ विवेचन बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळालं.

दहादिवस_आळते

विपश्यनेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. हातकणंगल्याजवळ आळत्याला केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे ४ ला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, नऊ दिवस मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना. पैसे घेत नाहीत, शिबिर पुरं केल्यावर स्वेच्छेनं दान.

फसतं ते घरी परतल्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. संसारी माणसाला दोन तास जमत नाहीत, मग तो शून्यावर येतो. सकाळचा एक तास सांभाळा. तोही नाही जमला तर अर्धा तास. पण शून्यावर येऊ नका.

डॉक्टर_नाही_पण

एक गोष्ट इथं ठळक हवी. दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशातच गोडी नसणं, झोप-भूक बिघडणं, जगू नये असे विचार, हे साधनेत कमी पडल्याचं लक्षण नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अशा माणसाला एकांतात लांब ध्यानाला बसवू नका, विचारांचं गुऱ्हाळ वाढतं. टेलीमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. गोळ्या चालू असतील तर नाम घेताय म्हणून बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतं.

शहापूरची_काकी

हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे अशा माणसाला "देवाचं काहीतरी कर" म्हणून सोडून देतात.

आणि बायकांच्या वेळेचं. सकाळी सलग अर्धा तास कुठल्या घरात मिळतो? तीन तुकडे करा, सात-सात मिनिटांचे. पहाटे गॅस पेटवायच्या आधी, दुपारी भांडी आवरल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर. अनगोळच्या हरिमंदिराच्या कलावती आईंच्या परंपरेत लहान मुलांसाठी बालोपासना आहे. मुलांना सोबत बसवलं तर मुलं "आई, आई" करत मध्ये येत नाहीत, तीही आपल्या जागी बसायला शिकतात.

हरिपाठी_येळ्ळूर

अक्का, भाकरी थापताना नाम घ्या की. वेगळा वेळ कशाला?

शहापूरची_काकी

घ्यावंच, अण्णा. पण ती सात मिनिटं काढून घेऊ नका. बाईनं कामात देव बघावा असं सगळेच सांगतात, तिला बसायला पाट कुणी देत नाही.

हरिपाठी_येळ्ळूर

बरोबर बोललात. शब्द परत घेतो.

मलप्रभाकाठ

प्रगती कशी मोजायची? बैठकीत काय दिसलं, काय ऐकू आलं, यावर नको.

वेदान्त_टिळकवाडी

बैठकीबाहेर मोजा. कुणी टाकून बोललं की आधी मन चार दिवस कढत असायचं. आता किती वेळ? चार तासांवर आलं तर वाट बरोबर आहे. राग येणं थांबेल अशी अट घालू नका, परत यायला लागणारा वेळ बघा. महिन्यातून एकदा घरच्यांना विचारा. ते खरं सांगतात.

किल्ला_परिसर

शहरात शांत जागा लागत असेल तर किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी भाटे वकिलांकडे आणि नंतर जंगल खात्यातले हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. मित्रांचं ते राहतं घर आता आश्रमाच्या ताब्यात स्मारक म्हणून जपलंय. जवळच कमल बस्ती आहे. तिथल्या छताचं दगडी कमळ मान वर करून पाच मिनिटं नुसतं बघा. मोबाईल खिशात ठेवून.

घाटमाथा_खानापूर

सगळं वाचून पक्कं केलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

पहाटे ५:४०, माजघरातला कोपरा. पाच मिनिटं चार-सहाचा श्वास. मग दोन माळा ओठ हलवत, डोळे अर्धे उघडे, समोर समई. एकूण सोळा मिनिटं. छान लागलं तरी वाढवायचं नाही. फोन रात्रभर स्वयंपाकघरात. संध्याकाळी चौघं जमले तर हरिपाठ, नाही जमले तर एक कायोत्सर्ग. तीन महिने पद्धत बदलायची नाही. तिसऱ्या आठवड्यात जुनं वर आलं तर ते कषाय आहे हे भिंतीवर लिहून ठेवणार.

एकच राहिलं. घोंगडं कुठलं घ्यावं? आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच दमट होतं.

श्वास_आणि_शरीर

तीन महिने पद्धत न बदलणं हे सगळ्यात चांगलं ठरवलंत. एक माळ कमी केलीत तेही बरं.

ऊसवाला_रायबाग

घोंगडं हातमागावरचं, अस्सल लोकरीचं घ्या, धनगराकडनं. यंत्रावरचं मिसळीचं असतं, घडी दबून चपटी होते. नवं टोचतं, वरनं जुन्या लुगड्याचा तुकडा घाला. पावसाळ्यात चुलीच्या उबेला टांगा, पण धुरात नको, नाहीतर डोळे मिटले की धुराचा वास तेवढा येत बसेल. आणि आमच्याकडं आलात तर एक देतो, आमच्या मेंढरांच्या लोकरीचं हाय.

घाटमाथा_खानापूर

पुढच्या बुधवारी रायबागला येतो, दादा. बिलाचा अर्ज लिहिलात का?

ऊसवाला_रायबाग

लिहिला. सात जणांच्या सह्या झाल्यात. उद्या देऊन पोच घेतो.